पाणी येण्याआधी माती ओळखावी

वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. गोसीखुर्दच्या जलाशयातील पाणी पश्चिमेकडे वळवून नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला आणि बुलडाणा या सहा जिल्ह्यांतील सुमारे ३ लाख ७१ हजार हेक्टर क्षेत्र ओलिताखाली आणण्याची ही योजना आहे. तिच्या खर्चाचा अंदाज ८७ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. पश्चिम विदर्भाचा सिंचनाचा अनुशेष पाहता या निर्णयाचे स्वागत होणे स्वाभाविक होते. मात्र पाणी किती, कोठून आणि किती खर्चात येणार, या चर्चेत एक प्रश्न मागे पडला. ज्या जमिनीत ते पाणी सोडायचे, ती जमीन ते पचवू शकेल काय? अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा याच तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे.

पूर्णा ही तापीची उपनदी. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावून ती पश्चिमेकडे वाहते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळते. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधोमध खचलेल्या भूभागात साचलेला गाळाचा प्रचंड थर, अशी या खोऱ्याची रचना आहे. डोंगरपायथ्याच्या भरड गाळात गोडे पाणी सापडते आणि तेथे संत्री-केळीच्या बागा उभ्या राहतात. तेथून काही कोस खाली नदीकडे आले, की विहिरीचे पाणी खारे होते आणि जमीन जवळजवळ सपाट होते. हाच खारपाणपट्टा. राज्य सरकारने जागतिक बँकेच्या साह्याने २०१८ मध्ये हाती घेतलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातील अशा सुमारे ९३२ क्षारग्रस्त गावांचा समावेश करण्यात आला होता. यावरून समस्येचा आवाका ध्यानात यावा.

येथील खारेपण नवे नाही. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडाने मिठाचा कायदा मोडला, तो अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करून. पाण्याचा खारेपणा जिभेला कळतो, त्यामुळे तो सर्वांना ठाऊक आहे. जमिनीतला दोष मात्र जिभेला कळत नाही आणि डोळ्यांनाही सहसा दिसत नाही. वरून पाहावे तर ही जमीन काळीभोर, खोल आणि कसदार वाटते. म्हणूनच तिची ओळख पटवण्यासाठी प्रयोगशाळा, हवामान आणि भूरूप या तिन्हींची साक्ष एकत्र काढावी लागते. यांपैकी एकीवरच विसंबले, तर निष्कर्ष चुकतो. या खोऱ्यातील संशोधनाचा इतिहासही हेच सांगतो.

प्रथम प्रयोगशाळेची साक्ष. काळ्या कापसाच्या जमिनीला मृदाशास्त्रात 'व्हर्टिसॉल' म्हणतात. किमान ३० टक्के चिकणमाती, ऋतुमानानुसार पडणाऱ्या व बुजणाऱ्या भेगा आणि खालच्या थरांत मातीचे ढेकूळ एकमेकांवर घासून तयार झालेले तिरपे, गुळगुळीत पृष्ठभाग ही तिची लक्षणे. पूर्णा खोऱ्यात चिकणमातीचे प्रमाण अनेकदा ५० टक्क्यांच्या वर जाते. ही चिकणमाती स्मेक्टाइट या खनिजाची असते. ते पाण्याने फुगते, वाळले की आकसते आणि आपल्या कणांवर कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम धरून ठेवते. कणांवर कॅल्शियम अधिक असेल, तर माती रवाळ राहते आणि पाण्याला वाट मिळते. त्याची जागा सोडियमने घेतली, की कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि जमीन 'चोपण' बनते. पावसाळ्यात तिच्यावर पाणी तुंबते. उन्हाळ्यात तीच दगडासारखी कडक होते.

सोडियम किती झाला म्हणजे जमीन चोपण मानावी? अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत त्यासाठी १५ टक्के ही मर्यादा सांगितली आणि जगभर ती रूढ झाली. मातीच्या कणांवरील एकूण धनभारित मूलद्रव्यांत सोडियमचा वाटा १५ टक्के वा अधिक असेल, तरच ती चोपण, हा तो निकष. पूर्णा खोऱ्यातील अनेक जमिनी त्याखाली 'निर्दोष' ठरतात. पण शेतकऱ्याचा अनुभव वेगळा आहे. पाऊस झाला की आठवडाभर शेतात पाय ठेवता येत नाही आणि पावसाने ताण दिला, की पीक लगेच माना टाकते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोतील डॉ. डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विसंगतीचा पाठपुरावा केला. स्मेक्टाइटयुक्त काळ्या जमिनीत सोडियमचे प्रमाण ५ टक्क्यांच्या पुढे गेले तरी निचरा बिघडू लागतो, असे त्यांना आढळले. म्हणून केवळ सोडियमची टक्केवारी न मोजता, पाण्याने पूर्ण भिजलेल्या मातीतून तासाला किती मिलिमीटर पाणी खाली उतरते, म्हणजेच तिची जलवाहकता किती, हे पाहावे असा आग्रह या संशोधकांनी धरला.

हा वाद आकड्यांच्या खेळाचा नव्हता. नागपूर, अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील काळ्या जमिनींवर झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कापसाचे उत्पन्न आणि जलवाहकता यांची सांगड घालण्यात आली. सोडियम ५ टक्क्यांच्या आत आणि जलवाहकता तासाला २० मिलिमीटरच्या आसपास वा अधिक असेल, तर कापूस उत्तम येतो. सोडियम ५ टक्क्यांवर जाऊन जलवाहकता १० मिलिमीटरच्या खाली आली, की उत्पन्न जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे रूढ निकषानुसार जी जमीन चांगली म्हणून नोंदली जाते, तीच शेतकऱ्याचे अर्धे पीक हिरावून घेत असते. त्याचा दोष मग बियाण्याला, पावसाला किंवा शेतकऱ्याच्या मशागतीला दिला जातो.

सोडियम येतो कोठून, या प्रश्नाचे उत्तर केवळ प्रयोगशाळा देऊ शकत नाही. तेथे हवामानाची साक्ष लागते. या खोऱ्यात वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बाष्पीभवनाची क्षमता मात्र त्याच्या दुप्पट वा अधिक. अशा अर्धशुष्क हवामानात मातीतील ओलावा खोलवर झिरपून निघून जाण्याऐवजी वर खेचला जातो आणि जाताना पाण्यातील कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने मागे ठेवतो. कॅल्शियम असा चुनखडीत अडकला, की उरलेल्या द्रावणात सोडियमचे पारडे जड होते आणि तो मातीच्या कणांवर जागा मिळवतो. ही क्रिया प्रामुख्याने खालच्या थरांत घडते, त्यामुळे खोलीबरोबर सोडियम वाढत जातो. म्हणजे येथील जमीन सिंचनाशिवाय, निव्वळ हवामानाच्या प्रभावाखाली, हजारो वर्षांत हळूहळू चोपण होत आली आहे. स्मेक्टाइट हे खनिज स्वतः आजच्या कोरड्या हवामानात तयार झालेले नाही. पूर्वीच्या अधिक आर्द्र काळात बेसॉल्ट खडक झिजून ते बनले आणि गाळाबरोबर येथे येऊन साचले. एका हवामानाने दिलेली सुपीकता दुसरे हवामान असे हिरावून घेत आहे.

तिसरी साक्ष भूरूपाची, आणि ती सर्वांत चकित करणारी आहे. अमरावती जिल्ह्यातील पेढी नदीच्या पाणलोट क्षेत्रात झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे अवघ्या काही किलोमीटरच्या अंतरात चोपण आणि निर्दोष अशा दोन्ही काळ्या जमिनी शेजारी-शेजारी आढळल्या. पाऊस तोच, खडक तोच, पीकही तेच. फरक होता तो उंचीचा, आणि तोही अर्धा ते पाच मीटर इतका किरकोळ. क्षार सखल जागी साचतात, हा सर्वसाधारण समज. येथे उलटे दिसले. किंचित उंचवट्यावरील जमीन चोपण आणि किंचित सखल जमीन चांगली. कारण उंचवट्यावरचे पाणी वाहून जाते, माती खोलवर भिजत नाही आणि चुनखडी बनण्याची क्रिया तेथे जोरात चालते. सखल जागी पाणी थांबते, मुरते आणि सोडियम धुऊन नेते. नुसत्या डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या शिवारात जमिनीचे भवितव्य अशा हातभर चढ-उतारांनी ठरते.

या पार्श्वभूमीवर सरकारी माती परीक्षणाकडे पाहिले, की त्याच्या मर्यादा उघड होतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्ये अशा १२ घटकांची तपासणी होते. नमुना वरच्या १५ ते २० सेंटिमीटर थरातील. बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरांमागे एक आणि कोरडवाहू क्षेत्रात १० हेक्टरांमागे एक, अशी त्याची मूळ आखणी होती. खतांची मात्रा ठरवण्यासाठी ही पत्रिका उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु कापसाचे सोटमूळ ज्या खोलीवर अडखळते, तेथवर ती पोहोचतच नाही. कणांवरील सोडियमचा वाटा तीत नाही, जलवाहकता नाही आणि शेत उंचवट्यावर आहे की सखल भागात, याची दखलही नाही. खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याच्या हाती पडणारे हे प्रमाणपत्र म्हणूनच त्याच्या मुख्य दुखण्याबाबत मौन बाळगते.

नकाशांचीही तीच गत. ब्युरोने देशाच्या मृदांचा १:२,५०,००० प्रमाणावरील नकाशा तयार केला, ते काम मोलाचेच आहे. पण त्या नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील अडीच किलोमीटर. पेढीच्या खोऱ्यात जो फरक दिसला, तो अशा नकाशावर उमटणे अवघड. १:१०,००० या प्रमाणावर एक सेंटिमीटर शंभर मीटरचा होतो आणि तेथे शिवारातले फरक दिसू लागतात. कालव्याची वितरिका कोठून न्यावी आणि कोणत्या शेताला किती पाणी द्यावे, हे निर्णय या दुसऱ्या प्रमाणावरचे आहेत.

माती न ओळखता पाणी दिल्याचे परिणाम महाराष्ट्राने पूर्वी भोगले आहेत. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि पंचवीस वर्षांच्या आत त्या खोऱ्यातील खारवट जमिनींवर पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तत्कालीन प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांना सहकाऱ्यासह अभ्यास प्रसिद्ध करावा लागला. तो १९१० मध्ये आला. त्यानंतर सांगली-कोल्हापूरच्या कृष्णाकाठी उसाच्या पट्ट्यात हीच कहाणी पुन्हा घडली. तेथील जमिनी सिंचनापूर्वी बऱ्याचशा चांगल्या होत्या. पूर्णा खोऱ्यात तर निसर्गानेच अर्धे काम आधी करून ठेवले आहे. निचऱ्याची सोय न करता येथे पाट वाहू लागला, तर उरलेले अर्धे काम पूर्ण होण्यास नीरेइतकाही अवधी लागणार नाही.

याचा अर्थ या पट्ट्याला पाणी देऊच नये, असा मुळीच नाही. गोड्या पाण्याची सर्वाधिक निकड येथेच आहे. प्रश्न ते कसे द्यायचे याचा आहे. जिप्सममधून कॅल्शियम देऊन सोडियमला कणांवरून हुसकावता येते. पण निघालेला सोडियम वाहून नेण्यासाठी चर हवेत आणि सपाट प्रदेशात चरांना उतार मिळवून देणे हे स्थापत्याचे काम आहे, एकट्या शेतकऱ्याचे नव्हे. मातीत अडकलेली चुनखडीही उपयोगी पडू शकते. भरपूर सेंद्रिय पदार्थ आणि पिकांची मुळे यांच्या साह्याने ती हळूहळू विरघळून कॅल्शियम परत देते. पाणी न झिरपण्याच्या दोषाचाही लाभ घेता येतो. येथील शेततळ्यांत प्लॅस्टिकचे अस्तर न घालताही पाणी टिकते. त्यामुळे पावसाचे गोडे पाणी साठवून ठिबक वा तुषार पद्धतीने मोजके संरक्षित ओलित देणे, हा या जमिनीच्या स्वभावाशी जुळणारा मार्ग ठरतो.

प्रत्येक शेतात मीटरभर खड्डा खणून जलवाहकता मोजणे खर्चाचे व वेळखाऊ आहे, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. परंतु तशी गरजही नाही. चढ-उतारांचा तपशीलवार नकाशा, पावसाची आकडेवारी आणि निवडक ठिकाणच्या खड्ड्यांचे पूर्ण विश्लेषण यांची सांगड घातली, तर शेजारच्या शेतांचा स्वभाव बऱ्याच विश्वासाने सांगता येतो. उपग्रह आणि संगणक यांमुळे उंचीची सूक्ष्म मापे मिळवणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. ज्ञान, ब्युरो आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ हे तिन्ही विदर्भातच आहेत. त्यासाठी परदेशी सल्लागार शोधण्याचीही आवश्यकता नाही.

८७ हजार कोटींच्या योजनेत लाभक्षेत्राच्या मृदा सर्वेक्षणाचा खर्च नगण्य ठरेल. तो कालव्याची आखणी होण्यापूर्वी केला, तर कोणत्या शिवाराला पाट, कोणत्याला ठिबक आणि कोणत्याला आधी चर, हे ठरवता येईल. कालवा वाहू लागल्यानंतर केला, तर तो केवळ नुकसानीचा पंचनामा ठरेल. कोणत्या क्रमाने जायचे, हे ठरवण्याची वेळ पहिली वितरिका खोदली जाईपर्यंतचीच आहे.