मराठी भुतांची हिंदी वाटचाल

गेल्या काही वर्षांत हिंदी चित्रपटसृष्टीत भयपटांना नवे बळ मिळाले असून त्यात मराठी दिग्दर्शकांचा वाटा लक्षणीय आहे. जून २०२४ मध्ये प्रदर्शित झालेला ‘मुंज्या’ आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळीत आलेला ‘थामा’ हे दोन्ही चित्रपट आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केले आहेत. ‘मुंज्या’मध्ये एकही मोठा तारा नव्हता. तरीही या चित्रपटाने देशांतर्गत उत्पन्नात शंभर कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला. या यशाबद्दल मराठी माणसाला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्यासोबत एक अवघड प्रश्नही उभा राहतो. मराठी मातीत जन्मलेले भूत मराठीतच मोठे का होऊ शकले नाही?

सरपोतदार घराण्याचा चित्रपटाशी संबंध मूकपटांच्या काळापासूनचा आहे. नानासाहेब सरपोतदार हे पुण्यातील आद्य चित्रपटकर्त्यांपैकी एक होत. त्यांचे पणतू असलेल्या आदित्य यांनी मराठीत ‘क्लासमेट्स’ (२०१५), भा. रा. भागवतांच्या मानसपुत्रावर आधारित ‘फास्टर फेणे’ (२०१७) आणि रितेश देशमुख यांची भूमिका असलेला ‘माऊली’ (२०१८) असे वेगवेगळ्या प्रकृतीचे चित्रपट केले. त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ‘झोंबिवली’पासून त्यांची वाट भयपटांकडे वळली. या क्रमाकडे पाहिले, तर भय आणि मारधाड या दोन प्रकारांविषयीचा त्यांचा विचार बराचसा उलगडतो.

दाखवणे आणि दडवणे

हे दोन्ही प्रकार प्रेक्षकाच्या शरीरावर थेट परिणाम करतात. परंतु त्यांचे गणित परस्परविरोधी आहे. मारधाडीच्या चित्रपटाला सर्व काही दाखवावे लागते. नायकाचा ठोसा, मोडणारे टेबल, उडणारी मोटार हे पडद्यावर दिसले नाही, तर प्रेक्षक फसवणूक झाल्यासारखा उठून जातो. त्यासाठी साहसदृश्यांचे पथक, चित्रीकरणाचे अधिक दिवस आणि मुख्य म्हणजे पैसा लागतो. ‘माऊली’सारख्या मराठी मारधाडपटाची तुलना प्रेक्षक नकळत दाक्षिणात्य आणि हिंदी चित्रपटांशी करतो. त्या तुलनेत मर्यादित खर्चातला चित्रपट तोकडा दिसतो.

भयपटाचे सामर्थ्य मात्र दडवण्यात आहे. बंद दार, पिंपळाची सळसळ, आजीने अर्धवट सोडलेले वाक्य एवढ्यावर प्रेक्षकाची कल्पनाशक्ती उरलेले काम करते. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने (२०१७) उसाच्या शेतातील एक घर आणि मोजकी पात्रे यांवरच भीती उभी केली. कमी भांडवलाच्या चित्रपटसृष्टीला म्हणूनच भयपट अधिक मानवतो. महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) एका बाहुल्याच्या आधारे हीच गोष्ट सिद्ध केली होती. तीस वर्षांनंतरही तात्या विंचू हे नाव महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

भयाला पत्ता लागतो

दुसरा मुद्दा स्थानिकतेचा. नायक कोणत्याही शहरात मारामारी करू शकतो. भुताला मात्र पत्ता लागतो. मुंज झालेला परंतु सोडमुंजीपूर्वी मरण पावलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ही समजूत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ‘मुंज्या’ या समजुतीत एकतर्फी लग्नाचा हट्ट मिसळतो आणि नकार न पचवू शकणाऱ्या पुरुषी वृत्तीलाच भुताचे रूप देतो. ‘झोंबिवली’ने परदेशी झोंबी डोंबिवलीत आणला, पण त्यामागे प्रश्न ठेवला तो पाण्याचा. टोलेजंग संकुलाला पाणी मिळते आणि शेजारची वस्ती तहानलेली राहते, हे भय कल्याण-डोंबिवलीच्या रहिवाशाला परके नाही. ‘लपाछपी’मागे मुलींच्या हत्येचे वास्तव होते, तर राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मागे (२०१८) माणसाची हाव होती.

याउलट ‘थामा’मध्ये आर्थिक बळ वाढले, तारे आले आणि कथा निर्मितीसंस्थेच्या आधीच्या भयपटांशी जोडली गेली. त्यातील बेताळ आणि ‘भेडिया’ यांची झुंज डोळे दिपवते; परंतु भुताला ठोसा मारता येतो हे कळल्यावर त्याची भीती उरत नाही. भयपट मारधाडपटाकडे झुकू लागला की त्याचा पत्ता पुसट होतो, हा इशारा या प्रवासात दडलेला आहे.

पद्मनाभपूरचा प्रेक्षक

यातील आर्थिक बाजू महाराष्ट्राबाहेरून अधिक स्पष्ट दिसते. छत्तीसगडमधील दुर्ग-भिलाई परिसराचा मराठीशी संबंध नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचा आहे. पुढे पोलाद कारखान्याच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे तेथे स्थिरावली. तेथील पद्मनाभपूरसारख्या वसाहतीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ‘मुंज्या’ जवळच्या चित्रपटगृहात पाहता येतो, कारण तो हिंदीत आहे. ‘झोंबिवली’साठी मात्र त्याला बहुधा घरच्या पडद्यावरच अवलंबून राहावे लागते. एकाच दिग्दर्शकाचे हे दोन चित्रपट. दोन्हींची भुते महाराष्ट्रातली. फरक पडला तो भाषेमुळे बदलणाऱ्या वितरणाचा. अशा स्थितीत निर्मात्याने हिंदीची वाट धरली, तर त्याला दोष कसा द्यावा?

ही एकट्या सरपोतदार यांची कथा नाही. फुरिया यांनी स्वतःच ‘लपाछपी’ची हिंदी आवृत्ती ‘छोरी’ (२०२१) या नावाने केली. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’वरून (२०१८) हिंदीत ‘अंतिम’ (२०२१) निघाला. नारायण धारपांच्या कथेतून स्फुरलेला ‘तुंबाड’ तर मुळातच हिंदीत झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. अस्सल भयाला प्रेक्षक आहे, याचा याहून वेगळा पुरावा नको.

कर्नाटकचा धडा

दुसरा मार्ग नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ऋषभ शेट्टी यांचा ‘कांतारा’ (२०२२) तुळुनाडूतील भूतकोला परंपरेवर आधारलेला आहे. त्यात भय आहे, मारधाडही आहे. तो आधी कन्नडमध्ये बनला, कर्नाटकात गाजला आणि नंतर हिंदीसह अन्य भाषांत ध्वनिमुद्रित होऊन देशभर पोहोचला. मल्याळममध्ये राहुल सदाशिवन यांनी ‘भ्रमयुगम’ (२०२४) हा संपूर्ण कृष्णधवल भयपट आपल्याच भाषेत केला. या दोन्ही ठिकाणी घरच्या प्रेक्षकाने आधी तिकीट काढले आणि बाहेरचा प्रेक्षक नंतर आला.

महाराष्ट्राची अडचण अशी की येथील प्रेक्षकाला हिंदी सहज समजते. त्यामुळे मराठी चित्रपटाची स्पर्धा त्याच शहरात, त्याच चित्रपटगृहात, त्याच शुक्रवारी हिंदीशी होते. केवळ भाषाभिमानाच्या आवाहनाने ही स्पर्धा जिंकता येणार नाही. मूळ मराठीत चित्रपट करून त्याची हिंदी आवृत्ती त्याच दिवशी इतर राज्यांत नेणारी वितरण व्यवस्था निर्मात्यांनी उभारली, तर मराठी दिग्दर्शकाला भाषा आणि प्रेक्षक यांपैकी एकाची निवड करावी लागणार नाही.

तसे झाले नाही, तर कोकणातला पिंपळ, डोंबिवलीची पाण्याची रांग आणि उसाच्या शेतातला अंधार पडद्यावर येत राहतील. पण त्यांची मूळ बोली तेवढी ऐकू येणार नाही. भुताला त्याचा पत्ता लागतो तशी त्याची भाषाही लागते, हे मराठी चित्रपटसृष्टीने वेळीच ओळखलेले बरे.