फुटबॉलचा पाठीराखा आणि कामाचा अर्थ

फुटबॉलच्या पाठीराख्याविषयी डाव्या चळवळीत आजवर प्रामुख्याने दोन भूमिका घेतल्या गेल्या आहेत. पहिली कठोर आहे. शनिवारी मैदानावर ओरडणारा कामगार सोमवारी युनियनच्या सभेकडे फिरकत नाही, तेव्हा फुटबॉल ही श्रमिकांना पाजलेली नवी अफूच होय, असे ती मानते. दुसरी भूमिका भाबडी आहे. फुटबॉल हा श्रमिकांचा खेळ, म्हणून त्याच्याभोवतीचे सारे काही श्रमिक संस्कृतीचे वैभव, असे तिला वाटते. या दोन्ही भूमिका एका साध्या प्रश्नाला बगल देतात. आठवडाभर केवळ पोटासाठी, घड्याळाकडे डोळे लावून काम करणारा माणूस सुटीच्या दिवशी पदरमोड करून, पावसात भिजत, परगावी जाऊन आपल्या संघासाठी घसा का कोरडा करतो? संघ हरला तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा का जातो? जी निष्ठा, जी चिकाटी आणि जे ज्ञान तो फुटबॉलला आपखुशीने देतो, त्याचा दहावा हिस्साही त्याचे काम त्याच्याकडून का मिळवू शकत नाही? आळस हे याचे उत्तर असू शकत नाही, कारण आळशी माणूस इतके कष्ट घेत नसतो. उत्तर त्याच्या कामाच्या स्वरूपातच शोधले पाहिजे.

फुटबॉल आणि काम यांचा संबंध वरवरचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडच्या गिरण्यांत शनिवार हा इतर दिवसांसारखाच राबण्याचा दिवस होता. दहा तासांच्या दिवसासाठी चाललेल्या दीर्घ चळवळीच्या रेट्याने १८४७ चा कायदा झाला. पुढे १८५० च्या कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबविणे मालकांवर बंधनकारक झाले. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसे, म्हणून पुरुषांचीही सुटका होऊ लागली. हळूहळू इतर धंद्यांतही अर्धा शनिवार रूढ झाला. शनिवारी दुपारी तीन वाजता सामना सुरू करण्याची इंग्लंडमधील प्रथा या मोकळ्या दुपारीतून जन्मली. ती दुपार कोणा मालकाने उदारपणे दिलेली देणगी नव्हती. ती लढून मिळविलेली होती.

खेळाचे नियम १८६३ मध्ये बनविले ते उच्चभ्रू शाळांतून शिकलेल्या सद्गृहस्थांनी. परंतु वीस वर्षांतच, १८८३ मध्ये, गिरणी व लोखंडकामातील कामगारांचा भरणा असलेल्या ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या संघाने ईटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला २-१ असे हरवून एफ. ए. चषक लँकेशायरला नेला. आज जगभर ज्यांची नावे विकली जातात, त्या क्लबांची पाळेमुळेही कारखान्यांतच आहेत. मँचेस्टर युनायटेडचा जन्म १८७८ मध्ये न्यूटन हीथ येथील रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कामगारांत झाला. आर्सेनल हा १८८६ मध्ये वुलिच येथील शस्त्रास्त्र कारखान्याच्या कामगारांनी स्थापलेला संघ. वेस्ट हॅमचा उगम थेम्स नदीकाठच्या लोहनौका बांधणाऱ्या कारखान्यात १८९५ मध्ये झाला. तेथे पुढाकार मालकाचा होता, पण मैदानावर आणि मैदानाभोवती गर्दी कामगारांचीच होती. तो नौका-कारखाना १९१२ मध्ये बंद पडला. वुलिचचा शस्त्रास्त्र कारखाना १९६७ मध्ये बंद झाला. वेस्ट हॅमच्या चिन्हावर मात्र रिव्हेट ठोकणारे दोन हातोडे आजही आहेत. हातोडे चालविणारे काम गेले आणि त्या कामाचा अभिमान मागे राहिला, अशी ही विलक्षण अवस्था आहे.

हा अभिमान कशाने टिकला? पाठीराख्याला मैदानावर चार गोष्टी मिळतात. पहिली, त्याच्या ज्ञानाला तेथे किंमत असते. बचाव कोठे विस्कळीत आहे आणि कोणता खेळाडू थकला आहे हे तो जाणतो आणि शेजारचा माणूस त्याचे म्हणणे ऐकतो. दुसरी गोष्ट आपलेपणाची. आजोबांपासून नातवापर्यंत एकच रंग गळ्याभोवती असतो आणि माणूस आपल्याआधीच्या व आपल्यानंतरच्या लोकांशी जोडला जातो. तिसरी, त्याला आवाज असतो. चुकलेल्या प्रशिक्षकाविरुद्ध तो मोठ्याने बोलू शकतो आणि त्यासाठी त्याची नोकरी जात नाही. चौथी, जे घडते ते आरंभापासून शेवटपर्यंत त्याच्या डोळ्यांसमोर घडते.

आता त्याच्या कामाकडे पाहावे. अवाढव्य गोदामात हातातल्या यंत्राच्या सूचनेप्रमाणे वस्तू उचलणाऱ्या कामगाराचा एकेक मिनिट मोजला जातो. ती वस्तू कोणाकडे आणि कशासाठी चालली आहे, हे त्याला ठाऊक नसते. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर दुचाकीवरून घरोघर जेवण पोचविणाऱ्या तरुणाचा दर मोबाइलमधील गणित ठरविते. त्या गणिताशी हुज्जत घालता येत नाही आणि ते बनविणारा माणूस दिसत नाही. कंत्राटी कामगाराला आपला मालक कोण, याचेच उत्तर धड मिळत नाही. ज्ञान, आपलेपणा, आवाज आणि फळाचे दर्शन या चारही गोष्टी येथून पद्धतशीरपणे काढून घेतलेल्या आहेत. मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत श्रमिकाच्या परात्मतेचे जे विवेचन केले, ते या तरुणाला वाचून दाखविण्याची गरज नाही. तो ते दररोज जगतो. माणूस जे कामात गमावतो, ते तो मैदानावर शोधावयास जातो. तेव्हा दोष शोधणाऱ्याचा नाही.

अर्थात मैदान म्हणजे काही स्वर्ग नव्हे. तेथील आपलेपणाला परक्याच्या द्वेषाचे रूप येण्यास वेळ लागत नाही. मे १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर इंग्लिश पाठीराख्यांनी केलेल्या हल्ल्यानंतर भिंत कोसळली आणि ३९ माणसे मेली. त्यांत बहुतेक इटालियन होती. कृष्णवर्णीय खेळाडूंची विटंबना अनेक मैदानांवर झाली आणि अद्याप ती पुरती थांबलेली नाही. स्त्रियांचा इतिहास तर अधिकच बोलका आहे. प्रेस्टन येथील डिक, केर कारखान्यात पहिल्या महायुद्धाच्या काळात काम करणाऱ्या स्त्रियांनी स्वतःचा संघ उभारला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहण्यासाठी सुमारे ५३,००० लोक लोटले. पुढच्याच डिसेंबरमध्ये फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांना खेळण्यास मनाई केली आणि ती बंदी सुमारे अर्धशतक टिकली. 'आपला संघ' या शब्दांतील 'आपला' कोणाकोणाला सामावून घेतो, हा प्रश्न म्हणूनच सतत विचारावा लागतो.

परंतु त्याहून मूलभूत प्रश्न आहे तो मालकीचा. क्लब आपला आहे, असे पाठीराखा पिढ्यान्‌पिढ्या मानीत आला. कागदोपत्री तो कधीच त्याचा नव्हता. २००५ मध्ये एका अमेरिकन भांडवलदार कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतला आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा बोजा क्लबच्याच डोक्यावर टाकला. तिकिटांच्या पैशांतून आपल्याच क्लबच्या खरेदीचे व्याज फेडण्याची पाळी पाठीराख्यांवर आली. विंबल्डनच्या पाठीराख्यांचे दुःख आणखी खोल होते. १९८८ मध्ये बलाढ्य लिव्हरपूलला हरवून एफ. ए. चषक जिंकणारा हा दक्षिण लंडनचा छोटा क्लब. मालकांनी तो सुमारे नव्वद किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात हलविण्याचे ठरविले. २८ मे २००२ रोजी फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने त्यास मान्यता दिली. अधिक नफ्याच्या आशेने कारखाना दुसऱ्या गावी हलविला जातो तेव्हा कामगाराला जो अनुभव येतो, तोच येथे पाठीराख्याला आला. ज्याला तो आपले घर समजत होता, ती दुसऱ्याची मालमत्ता होती.

पुढे जे घडले ते प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासावे असे आहे. विंबल्डनच्या पाठीराख्यांनी काही आठवड्यांतच एएफसी विंबल्डन हा नवा क्लब काढला. खेळाडू निवडण्यासाठी सार्वजनिक मैदानावर चाचणी घेतली. थेट नवव्या श्रेणीतल्या स्पर्धेपासून आरंभ केला. नऊ वर्षांत, २०११ मध्ये, त्यांचा संघ राष्ट्रीय व्यावसायिक लीगमध्ये पोचला. नोव्हेंबर २०२० मध्ये तो आपल्या जुन्या प्लाउ लेन भागात बांधलेल्या नव्या मैदानावर परतला, आणि त्या बांधकामासाठी पाठीराख्यांनी कर्जरोख्यांच्या रूपाने पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. क्लबचे नियंत्रण पाठीराख्यांच्या संस्थेकडे आहे आणि तेथे एका सभासदाला एकच मत आहे, मग त्याने कितीही पैसे दिलेले असोत. मँचेस्टरच्या असंतुष्ट पाठीराख्यांनीही २००५ मध्ये त्याच तत्त्वावर आपला वेगळा क्लब स्थापन केला.

या क्लबांत तिकिटे फाडणे, गवत राखणे, हिशेब ठेवणे, चहा विकणे अशी कामे अनेक स्वयंसेवक विनावेतन करतात. यातील बरीचशी कामे रटाळ आहेत. गवत कापणे हे मालकाच्या बंगल्यावर आणि स्वतःच्या क्लबच्या मैदानावर सारखेच कष्टाचे असते. तरीही एकात माणूस वेठीला धरला जातो आणि दुसऱ्यात तो मन ओततो. कामाचा अर्थ केवळ कामाच्या प्रकारात नसतो. ते कोणासाठी करावयाचे, कसे करावयाचे आणि त्याच्या फळाचे काय करावयाचे हे ठरविण्यात ते करणाऱ्याचा वाटा किती, यावर तो अवलंबून असतो.

भारतातही याचा पडताळा येतो. राष्ट्रीय फुटबॉल लीगची पहिली स्पर्धा जिंकणारा पंजाबातील जेसीटी मिल्सचा संघ २०११ मध्ये बंद झाला. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये ही लीग जिंकली होती. तो संघ कंपनीने २०१० मध्ये मोडीत काढला. पाठीराख्यांना कोणी विचारले नाही. विचारण्याचे बंधनच नव्हते. याउलट कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालीम मंडळांचे संघ कोणा कंपनीच्या ताळेबंदावर जगत नाहीत. ते पेठांचे आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना हजारोंची गर्दी होते, कधी हाणामारीही होते; पण पेठ आहे तोवर तिचा संघ आहे.

जे मैदानावर शक्य झाले ते कारखान्यात शक्य नाही काय? १९७६ मध्ये इंग्लंडमधील ल्यूकस एरोस्पेस या कंपनीत नोकरकपातीचे सावट पडले असताना तेथील कामगार प्रतिनिधींच्या संयुक्त समितीने एक पर्यायी योजना मांडली. आरंभी तिने बाहेरच्या तज्ज्ञांना पत्रे लिहिली. उत्तरे फारच थोडी आली. मग समितीने आपल्या कामगारांनाच विचारले: तुमच्या कौशल्यातून आणि या यंत्रांतून समाजाच्या उपयोगाचे काय बनविता येईल? सुमारे १५० उत्पादनांच्या कल्पना पुढे आल्या. त्यांत मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी यंत्रे होती, ऊर्जा वाचविणारे उष्णता-पंप होते, रस्ता व रूळ या दोन्हींवर चालणारे वाहन होते. संरक्षण खात्याची मागणी पुरविणारे हात माणसे जगविणारी साधने बनवू पाहत होते. व्यवस्थापनाने योजना फेटाळली आणि तिच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या माइक कूली यांना १९८१ मध्ये कामावरून काढून टाकले. मुंबईत कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचा बंद पडलेला कारखाना कामगारांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा देऊन आपल्या सहकारी संस्थेच्या ताब्यात घेतला. त्यांच्या योजनेला १९८८ मध्ये मंजुरी मिळाली व कारखाना पुन्हा सुरू झाला. पुढे तो प्रयोग अडचणीत सापडला, हे लपविण्याचे कारण नाही. भांडवल, कच्चा माल आणि बाजार हे सारे प्रतिकूल असताना एकाकी कारखान्याने किती काळ तग धरावा? परंतु कामगाराला चालविता येत नाही, हा सिद्धांत त्यांनी खोटा ठरविला.

आजच्या तरुणाला चहूकडून सांगितले जाते की, अर्थपूर्ण काम 'शोध', आवडीचे क्षेत्र निवड, नाही सापडले तर दोष तुझा. हा उपदेश ज्यांना निवडीची चैन परवडते अशा मूठभरांसाठी ठीक आहे. कोणीतरी गटारे साफ करावयाची आहेत, कोणीतरी माल वाहावयाचा आहे, कोणीतरी रुग्णांचे बिछाने बदलावयाचे आहेत. ही कामे समाजाला सर्वांत आवश्यक आहेत आणि ती करणाऱ्यांनाच सर्वांत कमी मान, कमी मजुरी व कमी अधिकार आहे. अर्थपूर्ण काम हे कोठे दडून बसलेले धन नाही की ते नशीबवानाला सापडावे. ते संघटित होऊन घडवावे लागते, जसा अर्धा शनिवार घडवावा लागला.

म्हणून मागणीपत्रके तयार करताना वेतन, बोनस व महागाई भत्ता यांच्या जोडीला कामाचा वेग कोण ठरविणार, मोबाइलमधील गणित कोणाला तपासता येणार, काय उत्पादन करावयाचे यात कामगाराचे मत कोठे नोंदले जाणार, ही कलमेही आली पाहिजेत. कंत्राटी आणि फिरत्या कामगारांपर्यंत युनियन पोचली पाहिजे. आणि रविवारच्या सामन्याला गेलेला तरुण सभेला आला नाही म्हणून त्याला नावे ठेवण्यापूर्वी कार्यकर्त्याने एवढे तपासावे की, ज्या सभेला त्याला बोलाविले होते, तेथे त्याच्या ज्ञानाला किंमत आणि त्याच्या आवाजाला जागा होती काय?