सूर्य सर्वांचा, वीज कोणाची?

ग्रामीण महाराष्ट्रात सौर ऊर्जेचा प्रसार व्हावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. साप-विंचवांचे भय पत्करून रात्री-अपरात्री पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यास दिवसा वीज मिळणे, हा त्याचा हक्कच आहे. प्रश्न आहे तो मालकीचा.

2017 साली सुरू झालेल्या आणि 2023 मध्ये विस्तारलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने त्याचे उत्तर खाजगी विकासकाच्या बाजूने दिले. गावाजवळच्या उपकेंद्राला जोडलेला प्रकल्प त्याने उभारावा आणि त्याची वीज महावितरणने 25 वर्षे विकत घ्यावी, अशी ही रचना. खाजगी जमीनमालकास हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने! ज्याच्या नावावर सातबारा त्याला भाडे, ज्याच्यापाशी भांडवल त्याला नफा. आणि ज्याच्या शेळ्या गायरानावर चरत होत्या, त्या भूमिहीनाला काय? तारेचे कुंपण!

ग्रामस्थांनी भांडवल कोठून आणावे, हा आक्षेप ठरलेलाच आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलाला सरकारी भांडवलाची व कर्जाची जोड देऊन 1950 च्या सुमारास साखर कारखाना उभारला, तेव्हा ते शेतकरी काही धनाढ्य नव्हते. पुढे या चळवळीत साखरसम्राट निपजले हे खरे. परंतु तो दोष सहकाराच्या तत्त्वाचा नव्हे, सभासदांनी सोडून दिलेल्या जागरूकतेचा आहे.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी येथे सौरपंपधारक शेतकऱ्यांच्या सहकारी मंडळीने 2016 पासून शिल्लक वीज वीज कंपनीस विकण्यास प्रारंभ केला. आरंभीचा बहुतांश खर्च बाहेरून आला, पण मालकी शेतकऱ्यांचीच राहिली. शिवाय वीज विकता येऊ लागली की भूजल अकारण न उपसणे लाभाचे ठरते. नुसता सवलतीचा पंप वाटून हे साधत नाही.

केंद्राच्या 2019 च्या कुसुम योजनेने दोन मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प उभारण्याची मुभा सहकारी संस्थांना व पंचायतींनाही दिली. भांडवल नसल्यास विकासकास पाचारण करावे, ही वाटही तिनेच मोकळी ठेवली. जिथे शासन संस्थांच्या पाठीशी उभे राहत नाही, तिथे मुभा कागदावर राहते आणि पळवाट राजमार्ग होते.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. ग्रामसभेच्या संमतीवाचून गायरान देऊ नये. विकासकाआधी सहकारी संस्थेस संधी, शासकीय भागभांडवल आणि कर्जहमी मिळावी. तिच्या सभासदत्वात भूमिहीनांना व स्त्रियांना हक्काचा वाटा असावा. हा ठराव ग्रामसभेत मांडण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे आणि ते करारापूर्वी झाले पाहिजे. एकदा सही झाली, की पंचवीस वर्षे गावाला बोलण्याची सोय उरणार नाही.