जावातले भात आणि गोराईतले

आमच्या समाजशास्त्राच्या वर्गाला जावा बेट चांगले परिचयाचे आहे. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९५२ ते १९५४ या काळात पूर्व जावातील एका लहानशा शहरात व त्याच्या आसपासच्या खेड्यांत राहून अभ्यास केला आणि त्या ठिकाणाला ‘मोजोकुतो’ असे टोपणनाव दिले. पुढे १९६३ साली जावाच्या शेतीवरचे त्याचे प्रसिद्ध पुस्तक आले. ‘सावाह’ म्हणजे पाण्याखालचे भातखाचर, ‘देसा’ म्हणजे खेडे, हे आमच्या वर्गात कोणीही झोपेत सांगेल. मात्र बोरिवलीच्या धक्क्यावरून होडीने अवघ्या दहा-पंधरा मिनिटांवर असलेल्या गोराईत काय आहे असे विचारले तर उत्तरे ठरलेली: बीच, पॅगोडा आणि (वडीलधाऱ्यांपैकी कोणी असेल तर) एस्सेलवर्ल्ड. तेथे भात पिकते, हे उत्तर मी अद्याप एकाही मित्राकडून ऐकलेले नाही. मी गोराईचा असल्याने हे थोडे झोंबते, हे कबूल. परंतु केवळ झोंबते म्हणून मी लिहायला बसलेलो नाही.

गीर्ट्झचे म्हणणे थोडक्यात असे. जावातील भातखाचर हे विलक्षण सोशिक असते. त्यात अधिक माणसे राबवा, अधिक काळजीने आवणी करा, पाणी अधिक नेमके सोडा. दरवेळी थोडे अधिक पिकते. १८३० पासून डचांनी शेतकऱ्यांच्या जमिनीवर सरकारसाठी ऊस आणि नीळ लावायला भाग पाडले. लोकसंख्या वाढत राहिली आणि ही वाढती माणसे त्याच खाचरांत सामावली गेली. सगळे थोडे थोडे वाटून खाऊ लागले आणि गरिबीही वाटून घेतली गेली. वाटणी इतकी सारखी नव्हती, गावात जमीनवाले आणि भूमिहीन होतेच, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. ते मला अधिक पटते. शेतावर वाढलेल्या कोणालाही पटेल.

आता गोराई पाहा. आमच्याकडे नेमके उलटे घडले. जावात खाचराने माणसे शोषून घेतली, आमची माणसे पहाटेच्या होडीने शोषून नेली. नोकरी बोरिवलीला, अंधेरीला, चर्चगेटला. एका पिढीत दोन हात शेतातून गेले, पुढच्या पिढीत चार. उरले ते आई, आजी आणि आवणीपुरते बाहेरून आणलेले मजूर. मजुरी वाढली आणि भाताला भाव नाही, म्हणून काही बांध गेल्या काही वर्षांत पडीक राहू लागले आहेत. आमच्या घरीही दर एप्रिलमध्ये राब भाजायचा की नाही यावर वाद होतो. मी स्वतः शेतकरी होणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे कोणी मला ‘मग तूच का करीत नाहीस?’ असे विचारण्याचे श्रम घेऊ नयेत. प्रश्न मी काय करणार हा नाही. ती खाचरे नाहीशी झाली तर गावाचे काय होणार, हा आहे.

दुसरा मोठा फरक पाण्याचा. जावाच्या खाचरांना ज्वालामुखीच्या डोंगरांवरून येणारे ओढे पाणी पुरवतात, म्हणून तेथे वर्षातून दोन-दोन पिके निघतात. आमच्या एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. पाणी चहूकडे, पण गोडे पाणी फक्त आभाळातून. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तो वाहून समुद्राला मिळू नये म्हणून अडवायला आमच्याकडे धरण नाही. जे आहेत ते भातशेतीचे बांध. चार महिने खाचरांत साचलेले पाणी मुरते, जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर धरतो आणि तोच आमच्या विहिरींत येतो. उन्हाळ्यात उपसा जास्त झाला की खालून खारे पाणी वर चढते. वसईकडे बावखले बुजवल्यावर विहिरी कशा बिघडल्या, हे तिकडच्या लोकांना विचारावे. तेव्हा ‘गोराईचा भात विकून किती पैसे मिळतात?’ हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. खाचर आम्हाला तांदूळ देते हे खरे, पण त्याहून मोठे देणे पाण्याचे आहे आणि ते कोणाच्याच वहीत मांडलेले नसते.

वहीवरून नकाशाची आठवण झाली. १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, २००९ साली पॅगोड्याचे उद्घाटन झाले. एस्सेलवर्ल्ड आता बंद आहे. दरम्यान गोराई-मनोरी-उत्तन या पट्ट्यासाठी पर्यटनाचे विशेष आर्थिक क्षेत्र करण्याचा घाट घातला गेला आणि धारावी बेटावरच्या गावकऱ्यांनी, कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी, त्याला कडाडून विरोध केला. (हे धारावी झोपडपट्टीवाले नव्हे, आमच्या बेटाचे नावही धारावीच.) पुढे याच पट्ट्यासाठी ‘मनोरंजन व पर्यटन विकास’ या नावाने आराखडा पुढे आला. नावातच सारे आले! मनोरंजन कोणाचे, हे सांगावे लागत नाही. आराखडे करणाऱ्यांना आमचे खाचर उन्हाळ्यात दिसते, तेव्हा ते भेगाळलेले आणि रिकामे असते आणि कागदावर त्याची नोंद ‘मोकळी जमीन’ अशी होते. जुलै महिन्यात कोणी पाहणीला येतच नाही, चिखल असतो.

मी विकासाच्या विरुद्ध नाही. रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन भाईंदरच्या रस्त्याने वळसा घालताना आम्हाला पूल हवासा वाटतोच. पण पूल, दवाखाना, नळाचे पाणी मिळायला आधी शेत सोडावे लागेल, ही अट कोणी घातली?

आणि जावाच्या शेतकऱ्याचे एक मला फार आवडते. तेथल्या बायका पूर्वी भाताची एकेक लोंबी तळहातात लपेल एवढ्या लहान पात्याने कापत, कारण पाते दिसले तर देवी श्री, म्हणजे भाताची देवता, घाबरेल. १९७० च्या आसपास शेतमालक उभे पीकच व्यापाऱ्यांना विकू लागले, व्यापाऱ्यांचे मजूर विळे घेऊन आले आणि त्या बायकांचे काम गेले. आमच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात. हल्ली उपनगरांतल्या कित्येक गावठाणांत आगेरा होतो, पण लोंब्या दुसरीकडून आणाव्या लागतात. गोराईत अजून त्या स्वतःच्या शेतातून आणता येतात. आणखी किती वर्षे, ते मी सांगू शकत नाही.

म्हणून माझी सूचना आमच्या प्राध्यापकांना आणि विशेषतः राष्ट्रीय सेवा योजनेच्या मित्रांना आहे. दर हिवाळ्यात आपले शिबिर एस.टी.ने चार-पाच तास लांबच्या खेड्यात जाते. जावे, अवश्य जावे. पण एक वर्ष खाडी ओलांडून पाहा. मे महिन्यात येऊन गावातल्या विहिरींचे पाणी किती खारट आहे ते मोजा आणि ऑक्टोबरात पुन्हा मोजा. भूगोल विभागाने कोणती खाचरे लागवडीत आहेत आणि कोणती पडीक, याचा नकाशा करावा. मराठी विभागाने आमच्या आज्यांच्या तोंडचे आवणी-झोडणीचे शब्द उतरवून घ्यावेत. ते आमच्या बोलीत आहेत, कोशात सापडतीलच असे नाही. हे सारे पुढच्या आराखड्याच्या वेळी हरकत नोंदवताना गावाच्या हाती असले तर त्याचा उपयोग होईल.

आवणी जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात असते. तारीख पावसावर ठरते, मी नोटीस बोर्डावर लावीन. येताना कपड्यांचा एक जादा जोड आणा. बूट मात्र आणू नका, चिखलात राहतात.