गांजा दिसतो, धसका दिसत नाही

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशी-तुरीच्या आड लावलेला गांजा पोलीस उपटतात. वजन होतं, पंचनामा होतो, फोटो छापून येतो. कारवाई व्हायलाच हवी. पण ओढणाऱ्या पोराला तो कशासाठी लागतो, हे कुठल्याच कागदावर येत नाही.

‘रातले झोप लागस नही’, एवढंच तो सांगतो.

याच तालुक्यात वाघाडीला 31 ऑगस्ट 2019 रोजी रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला. डझनभराहून अधिक जीव गेले. असं काही डोळ्यांनी पाहिलेला माणूस दारावरच्या थापेनेही दचकतो. डोळा लागला की तेच दिसतं. दोन झुरक्यांनी छाती हलकी होते, रात्र निघते. प्रमाण वाढलं की तोच गांजा धडधड आणि संशय वाढवतो. सोडायला जावं तर गांजाने दाबून ठेवलेली स्वप्नं पहिल्याच आठवड्यात उसळतात, पूर्वीपेक्षा भेसूर. घाम, चिडचिड, जागरण. ही नशा सुटतानाची लक्षणं असतात. त्याला मात्र वाटतं, जुनं दुखणं उलटलं, गांजाच आपलं औषध होतं. चौथ्या-पाचव्या रात्री तो पुन्हा पुडी शोधतो आणि घरचे म्हणतात, मनाचा कच्चा.

सगळेच गांजेकस धसक्यातून आलेले नसतात; कित्येक टोळक्यातच शिकतात. म्हणून तर प्रत्येकाला कारण विचारायला हवं. ‘आधी गांजा सोड, मग मनाचं बघू’ हा सल्ला नेमका त्या पहिल्या आठवड्यात फसतो. भीतीवरचे उपचार आणि नशामुक्ती एकाच वेळी, एकाच डॉक्टरच्या देखरेखीखाली व्हायला हवी.

भांग, गांजा, चरस यांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे 72 लाख लोक देशात आहेत, असं ‘एम्स’च्या 2019च्या अहवालात म्हटलं आहे. अमली पदार्थ कायद्याचं कलम 64-अ स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन माणसाला, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण देतं. पोलीस ठाण्याच्या भीतीने दवाखाना टाळणाऱ्या आईबापांपर्यंत ही गोष्ट पोहोचवणं पोलिसांचंही काम आहे. धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत केसपेपरवर ‘गांजा’ लिहिला, की त्याच ओळीत झोप, दचकणं आणि पाहिलेला प्रसंग लिहिला जावा. रात्री-अपरात्री पोरगा घाबरून उठला, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक तेव्हाही चालू असतो.