अनुदान सरकारचे, गल्ली कोणाची?

परभणी शहर महानगरपालिकेसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि शहराला पुन्हा एकदा लोकनियुक्त सभागृह मिळाले. आधीच्या सभागृहाची मुदत मे २०२२ मध्ये संपली होती. तेव्हापासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ या शहराचा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकून पडला. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य निवडणूक आयोगाला निवडणुका घेण्यास फर्मावले, तेव्हा कुठे पाळणा हलला. एवढ्या काळात मतदार रस्त्यावर उतरला नाही, ही गोष्ट आम्हास निवडणूक लांबण्याहून अधिक गंभीर वाटते. नगरसेवक असला काय नि नसला काय, नाली तुंबायची ती तुंबतेच, असा त्याचा अनुभव असावा. नव्या सभागृहाला हा समज खोडून काढता येईल किंवा पक्का करता येईल. दोन्हींची संधी अनुदानाच्या वाटपात आणि वस्त्यांच्या कामांविषयी जे निर्णय व्हायचे आहेत त्यांत आहे.

कोणती समिती कोणाकडे, सभापती कोण, याची चर्चा मोंढ्यापासून कोर्टापर्यंत भरपूर चालते. तीत आम्ही भर घालू इच्छित नाही. आमचा विषय रूक्ष आहे: महापालिकेकडे येणारा पैसा कोणत्या वाटेने येतो, आणि गल्लीतल्या माणसाचा शब्द त्या वाटेवर कुठे ऐकला जातो.

परभणीसारख्या लहान महापालिकेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि काही शुल्के. स्थानिक संस्था कर गेला, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, आणि त्या बदल्यात राज्य शासन महापालिकांना नुकसानभरपाई देऊ लागले. ती दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढावी अशी कायद्यात तरतूद आहे. पण लहान शहरांत हा पैसा पगार, निवृत्तिवेतन आणि वीजबिल यांतच विरघळतो. विकासाचे म्हणून जे काही काम दिसते ते बहुतांशी अनुदानाचे असते, आणि अनुदान येते ते आपल्या अटी घेऊन येते. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांना २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानातले शंभरांपैकी साठ रुपये बांधलेले होते. तीस पिण्याच्या पाण्यासाठी, तीस स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. उरलेले चाळीस रुपये स्थानिक गरजेप्रमाणे खर्च करण्याची मुभा होती, मात्र त्यांतून पगार आणि आस्थापना भागवता येत नसे. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा पाच वर्षांचा काळ सुरू झाला. अटींचे आकडे बदलतात, पण देणाऱ्याने हेतू ठरवायचा आणि घेणाऱ्याने हिशेब द्यायचा हा संबंध बदलत नाही.

केंद्राने पाण्यासाठी पैसा बांधून ठेवणे मुळात चूक आहे असे आमचे म्हणणे नाही. तो मोकळा सोडला असता तर त्यातून किती कमानी आणि किती चौकांची सुशोभीकरणे उभी राहिली असती, याची कल्पना करवत नाही. आमचा आक्षेप दुसराच आहे. अनुदान नवी वस्तू उभारायला मिळते, उभारलेली वस्तू चालवायला मिळत नाही. टाकी बांधायला पैसा आहे, पण टाकीवर रात्री कॉक फिरवणाऱ्या माणसाच्या पगाराला नाही. नाली नवी बांधता येते, जुनी उपसायला मजूर नाहीत. मग उपसण्याजोगी नाली फोडून तिच्या जागी नवी बांधणे हेच महापालिकेच्या दृष्टीने सोयीचे ठरते, आणि कंत्राटदाराच्या दृष्टीने तर ठरतेच ठरते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात भांडवली आणि महसुली खर्च यांचा भेद एका परिच्छेदात आटोपतो; आमच्या शहरात तो सिमेंटच्या एकावर एक चढत गेलेल्या थरांतून पाहायला मिळतो. रस्ता वर येत जातो आणि पावसाचे पाणी जुन्या घरांच्या उंबऱ्याआत शिरते.

येलदरीच्या पाण्याची कथा परभणीकरांना सांगायला नको. पूर्णा नदीवरच्या राहटी बंधाऱ्याचे पाणी वाढत्या शहराला पुरेना, म्हणून जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणातून पाणी आणण्याचे ठरले. डिसेंबर २००५ मध्ये लहान व मध्यम शहरांसाठी केंद्राने जी योजना सुरू केली, तिच्यातून हे काम हाती घेतले गेले. खर्चाची विभागणी अशी होती: ऐंशी टक्के केंद्राचे, दहा टक्के राज्याचे, दहा टक्के नगरपालिकेचे. कागदावर हे प्रमाण उदार दिसते. पण ज्या संस्थेच्या तिजोरीत चालू महिन्याच्या पगाराची भ्रांत, तिला दहा टक्केही डोंगराएवढे असतात. आणि काम लांबले, खर्च वाढला, की वाढलेला बोजा सर्वांत दुबळ्या भागीदाराच्या अंगावर येतो. दशकाहून अधिक काळ ही योजना रेंगाळली. पुढे अमृत योजनेचा आधार मिळाला तेव्हा ती मार्गी लागली. त्या मधल्या वर्षांत ज्याला परवडले त्याने अंगणात बोअर पाडले, आणि ज्याला परवडले नाही त्याच्या घरातल्या बाईने पाणी येण्याचे दिवस बोटांवर मोजले. योजनेच्या दिरंगाईची किंमत अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही. ती टँकरवाल्याच्या वहीत आणि हंडे वाहणारीच्या पाठीत असते.

आता वाटपाचा प्रश्न घेऊ. वस्त्यांच्या कामांसाठी राज्य शासनाच्या योजना कमी नाहीत. अण्णाभाऊ साठे यांच्या नावाची नागरी वस्ती सुधार योजना आहे, अल्पसंख्याकबहुल नागरी क्षेत्रांसाठीची योजना आहे, नगरोत्थान आहे. यांतला बराच निधी जिल्हा नियोजन समितीच्या हातून येतो. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात आणि घटनेच्या २४३-झेडडी कलमाप्रमाणे तिचे चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात. स्थानिक संस्थांत सदस्यच नव्हते तेव्हा हे चार पंचमांश कोठून यायचे, हे कोणी विचारले नाही. परिणामी दलित वस्तीसाठी, अल्पसंख्याक मोहल्ल्यांसाठी म्हणून मंजूर झालेली कामे कुठे करायची, हे त्या वस्त्यांनी निवडून दिलेल्या कोणालाही विचारल्यावाचून ठरत राहिले. नव्या सभागृहाने या काळातल्या मंजूर, चालू आणि बिल अदा झालेल्या कामांची वस्तीवार यादी आधी मागवावी. सत्तेवर कोण आणि विरोधात कोण, याचा या मागणीशी संबंध नाही.

सभागृहात दुसरा एक मोह हमखास डोके वर काढतो. निधी सर्व सदस्यांना सारखा वाटून द्यावा, म्हणजे भांडण नको. महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपालिकांत ही रीत रुळलेली आहे आणि ती न्याय्य भासते. पण समान वाटप म्हणजे समता नव्हे, हे समाजवाद्यांनी तरी विसरू नये. वसमत रस्त्यावरच्या आखीव वसाहतीत नाली, दिवे, रस्ता आधीपासून असताना तिथल्या सदस्याला मिळालेला रुपया पेव्हर ब्लॉक बसवण्यात जाणार, आणि शहराच्या कडेला शेतजमिनीचे गुंठे पाडून उभ्या राहिलेल्या वस्तीत तोच रुपया मुरूम टाकायलाही पुरणार नाही. या गुंठेवारीवाल्यांची गोष्ट तर विशेषच लक्षात घेण्याजोगी आहे. २००१ च्या कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्यांची घरे नियमित करण्याचा मार्ग खुला झाला. त्यासाठी विकास शुल्क भरायचे असते आणि त्या शुल्कातून त्याच वसाहतीत सोयी व्हाव्यात हा कायद्याचा हेतू आहे. खेड्यातली शेती सोडून शहरात आलेला हमाल, गवंडी, रिक्षावाला पोटाला चिमटा काढून हे शुल्क भरतो. ते पैसे महापालिकेच्या सामान्य खात्यात बुडून गेले, तर त्याने कायद्याने मान्य केलेल्या हक्काची किंमत मोजूनही हक्क मिळत नाही. म्हणून आमची सूचना अशी की वाटपाचे प्रमाण सदस्यसंख्येवर न ठरता उणिवांवर ठरावे. नळ नसलेली घरे किती, पक्की नाली नसलेल्या गल्ल्या किती, दिव्याविना खांब किती, एवढी मोजदाद महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना महिनाभरात करता येईल.

पण ही मोजदाद खरी की खोटी हे सांगणार कोण? तिथेच घटनेने दिलेली एक जागा रिकामी पडून आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. २०११ च्या जनगणनेत परभणीची लोकसंख्या ३ लाख ७ हजारांच्या घरात होती. म्हणजे उंबरठा आपण जेमतेम, पण निश्चितपणे ओलांडला आहे. त्याच वर्षी नगरपरिषदेची महापालिका झाली. महाराष्ट्राच्या महानगरपालिका अधिनियमातले कलम २९-अ प्रभाग समितीला नागरिकांच्या तक्रारींचे निवारण, आपल्या क्षेत्राच्या खर्चाच्या अंदाजावर शिफारस आणि अंदाजपत्रकात तरतूद असलेल्या लहान कामांना मंजुरी असे अधिकार देते. मूळ तरतुदीत या मंजुरीची मर्यादा पाच लाख रुपये आहे. गल्लीतल्या नालीचे, हातपंपाचे, अंगणवाडीच्या छपराचे काम एवढ्यात बसते. शिवाय समाजकार्य करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य समितीवर नामनियुक्त करता येतात. राज्यातला अनुभव असा की या तीन जागा रिकाम्या तरी राहतात, नाही तर पराभूत उमेदवारांचे पुनर्वसन त्यांवर होते. २००९ साली याच अधिनियमात मतदारांच्या क्षेत्रसभेचीही तरतूद झाली. ती तर नागरिकांच्या कानावरही गेलेली नाही.

परभणीत ६५ सदस्य आणि १६ प्रभाग आहेत. म्हणजे एका प्रभागात जनगणनेच्या हिशेबाने सुमारे एकोणीस हजार माणसे, आणि त्यांचे चार, एके ठिकाणी पाच, प्रतिनिधी. तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला पहिला दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा तिसऱ्याकडे. चौघे मिळून जबाबदार म्हणजे कोणीच जबाबदार नाही. उलट जिल्ह्यातले पाचशे वस्तीचे गाव घ्या. तिथे ग्रामसभा आहे, घरकुलाच्या यादीवर बोट ठेवून विचारण्याचा हक्क आहे. ती नीट भरत नसेल, पण कायद्याने ती आहे. तोच गावकरी पोटासाठी परभणीत येऊन नानलपेठेत वा भीमनगरात राहू लागला की त्याचा हा हक्क संपतो. डॉ. राममनोहर लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या नजरेसमोर गाव हा पहिला खांब होता. आज महाराष्ट्राची जवळजवळ निम्मी प्रजा शहरांत राहते, आणि तिच्या पायाखाली तो पहिला खांब नाही.

लोकांना विचारून काय होणार, त्यांना अंदाजपत्रक कळते काय, असा प्रश्न अधिकारी आणि सदस्य दोघेही विचारतात. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी लहान कामांच्या सूचना मागवायला आरंभ केला. तिथे सुशिक्षितांच्या सोसायट्यांचा आवाज झोपडपट्टीपेक्षा मोठा ठरला, ही टीका खरी आहे. पण तिचे उत्तर विचारणे बंद करणे हे नाही. वस्तीत जाऊन विचारणे हे आहे. केरळात १९९६ साली लोकयोजना सुरू झाली तेव्हा राज्याच्या योजना निधीतला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाटा स्थानिक संस्थांकडे सोपवला गेला, आणि सभांना यावे म्हणून कार्यकर्ते दारोदार फिरले. पैसा आधी गेला, मग माणसे जमली. आपल्याकडे अधिकाराविना सभा बोलावतात आणि माणसे येत नाहीत म्हणून सभा बंद करतात.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. करवसुलीबद्दल डाव्या पक्षांनी मौन पाळण्याची जी सवय लावून घेतली आहे ती सोडावी लागेल. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर आणि वसुलीतली वाढ ही अट घातली होती. स्वतःचे उत्पन्न नसलेल्या शहराला स्वतःचा निर्णयही नसतो, हे त्या अटीमागचे सत्य नाकारून चालणार नाही. मात्र वसुलीची सुरुवात कोठून करायची हा राजकीय प्रश्न आहे. मुख्य रस्त्यांवरची व्यापारी संकुले, मंगल कार्यालये, खासगी शिकवण्यांचे मजले आणि खुद्द सरकारी कार्यालये यांच्या थकबाकीची यादी प्रसिद्ध न करता दोन खोल्यांच्या घराचा नळ तोडणे हे आम्ही वसुली मानत नाही. पाणीपट्टीही सर्वांना सरसकट एकच लावली की तिचा भार गरिबावर अधिक पडतो, हे सांगायला अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

आयुक्तांचे अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे आणि तिथून सर्वसाधारण सभेपुढे जाते. दरवर्षी या दोन बैठकांच्या मधले दिवस महत्त्वाचे. त्या दिवसांत प्रत्येक प्रभाग समितीने आपल्या क्षेत्रात, संध्याकाळी, मजूर कामावरून परतल्यावर, खुली सभा घ्यावी. प्रस्तावित कामांची यादी मराठीत आणि उर्दूत, रकमेसह, तिथल्या शाळेच्या भिंतीवर लावावी. आणि अटींत न बांधलेल्या अनुदानाचा निदान निम्मा भाग त्या सभांनी सुचवलेल्या कामांसाठी राखून ठेवल्याचा ठराव सर्वसाधारण सभेने करावा. तीन नामनियुक्त जागांपैकी एक सफाई कामगारांमध्ये काम करणाऱ्या संस्थेला आणि एक महिला बचत गटांतून यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, मुंबईची परवानगीही लागत नाही. सभागृहात यावर मतदान झाले तर कोणत्या सदस्याने कोणत्या बाजूने हात वर केला ते वाचकांनी पाहून ठेवावे आणि आम्हास कळवावे. ती नावे आम्ही या पानावर छापू.