पाव नको, मासे आहेत तिथेच

मालवणची ट्रिप ठरली की ग्रुपवर पहिला प्रश्न पडतो, 'स्कुबाचा व्हिडिओ देतात ना?' देतात की. त्या व्हिडिओत तुमच्याभोवती माशांचा जो गराडा दिसतो ना, तो बऱ्याचदा पावासाठी जमलेला असतो. पाव कॅमेऱ्यात येत नाही, एवढंच.

हा पाव आपण, म्हणजे गिऱ्हाइकांनीच, बंद करायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

मालवण म्हणजे अंदमान नव्हे. पाणी थोडं गढूळ, खाली काळे खडक आणि त्यांना धरून वाढलेलं प्रवाळ. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा हा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ दिसतं दगडासारखं, पण ती असते बारीक बारीक जिवांची वसाहत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, तसंच हे खडकाळ प्रवाळही आहे. वाघाच्या पाठीवर हात टेकून सेल्फी काढाल का? मग प्रवाळाला धरून पोझ कशाला?

आता पावाचं. खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे मासे असतात, म्हणून प्रवाळाला वाढायला जागा मिळते. आयतं मिळायला लागलं की हे चरणं कमी होऊ शकतं. आणि उरलेला पाव तिथेच कुजतो.

इन्स्ट्रक्टरवर डाफरू नका हं. पावसाळ्यात धंदा बंद, उरलेल्या महिन्यांत वर्षाची कमाई करायची. मासे दिसले नाहीत तर आपणच तोंड वाकडं करतो, हे त्या पोरांना चांगलं ठाऊक असतं.

त्यापेक्षा स्नॉर्कलिंगला जरा वेळ द्या. लाइफ जॅकेट घालून पालथं तरंगायचं, नळीतून श्वास घ्यायचा आणि पाच मिनिटं हातपाय झाडायचे नाहीत. मासे आपणहून दिसायला लागतात. स्कुबा करणार असाल तर आधीच्या सूचना मोबाइल बाजूला ठेवून ऐका. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. म्हणून खाली जाताना कान दुखायच्या आधीच नाक दाबून हळूच हवा ढकलायची, आणि श्वास कधीच रोखायचा नाही, वर येताना तर नाहीच.

आणि हो, बुकिंग करतानाच सांगून टाका, 'दादा, पाव नको. मासे कमी आले तरी चालतील.' दहा-पंधरा जणांचा ग्रुप असेल तर नक्की ऐकतील.